पाण्याची किंमत



ग्वाल्हेरचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी लू वाहू लागली की लश्करच्या गल्ल्या ओस पडतात. महाराज बाडा मात्र तेव्हाही पुरता रिकामा होत नाही. मध्ये जिवाजीराव शिंद्यांचा पुतळा, भोवती टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, स्टेट बँकेची इमारत, आणि त्यांच्या सावलीला टेकलेले ठेलेवाले, ई-रिक्शावाले, खेड्यांतून खरेदीला आलेली माणसे. काही वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशच्या तरुणांनी आणि आम्ही धर्मशिक्षकांनी मिळून इथे उन्हाळ्यात पाणपोई लावली. इकडे तिला प्याऊ म्हणतात. दोन माठ, लाल कापड, एक ताडपत्री आणि एक लांब बाकडे, एवढेच.

पाणपोई लावण्याआधीच्या बैठकीत आमच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे असे की, पाणी तर व्यापारीही पाजतात आणि इतर धर्मांचे लोकही पाजतात, मग त्यात आपले वेगळे ते काय? प्रत्येक ग्लासाबरोबर प्रभूविषयीचे एक छोटे पत्रक दिलेच पाहिजे. काही जण कचरत होते. पत्रकाच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोललो ते आम्हीच. पत्रके छापून आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क बाई कापडी पिशवी सांभाळत आल्या आणि बाकड्यावर बसल्या. बसताना तोंडातून निघाले, “अगं आई गं!” ग्वाल्हेरमध्ये मराठी कानावर पडणे नवे नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचेच लश्कर झाले, आणि तेव्हापासून मराठी घरे इथे नांदत आली आहेत. पण आमच्या पॅरिशमध्ये सारे काही हिंदीत चालते, त्यामुळे मराठी ऐकले की आमचा जीव सुखावतो. त्या दिवशी तर आम्हांला वाटले, प्रभूनेच ही संधी पाठवली. ग्लास त्यांच्या हातात दिला आणि आम्ही सुरू झालो. तहान, जिवंत पाणी, विहिरीवरची स्त्री, पापांची क्षमा. सारे पाठ होते. बोलता बोलता पत्रकही पुढे केले.

आजींनी अर्धा ग्लास पाणी प्यायले होते. त्यांनी ग्लास शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बाळ, पाण्याची किंमत आधी सांगायची होतीस.”

आवाजात राग नव्हता. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि भर उन्हात चालू लागल्या. अर्धा ग्लास तसाच राहिला.

किंमत कुणी लावली?

त्या वाक्याने आम्हांला बरेच दिवस झोपू दिले नाही. आधी आम्ही स्वतःची समजूत काढली. आपण खोटे काहीच बोललो नाही. जबरदस्ती केली नाही. शुभवर्तमान सांगणे हे तर आपले कर्तव्यच. पण मन मानेना. कारण आजींनी आमच्या विश्वासाविषयी एक शब्दही काढला नव्हता. त्या आमच्या पाण्याविषयी बोलल्या होत्या. आम्ही फुकट म्हणून दिलेले पाणी फुकट नव्हते, हे त्यांनी ओळखले होते.

मग आम्ही योहानाचा चौथा अध्याय पुन्हा उघडला. हाच अध्याय आम्ही त्यांना ऐकवत होतो. आणि वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेली गोष्ट जणू पहिल्यांदा वाचली. शोमरोनी स्त्रीशी प्रभूचे संभाषण सुरू होते ते प्रभूने पाणी मागितल्यापासून. तो दमला आहे, दुपारची वेळ आहे, जवळ पोहरा नाही. यहुद्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे हे त्या काळी रीतीबाहेरचे होते, आणि तिलाही त्याचे नवल वाटले. तो तिच्यासमोर उभा राहिला तो गरजवंत म्हणून. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर निघाली, आणि तीही तिने प्रश्न विचारत विचारत पुढे नेली.

आम्ही मात्र बाड्यावर माठाच्या मागे उभे होतो. देणारे आम्ही, घेणाऱ्या त्या. सांगणारे आम्ही, ऐकणाऱ्या त्या. त्या कुठून आल्या, भर दुपारी का निघाल्या, हे विचारायचे आम्हांला सुचलेही नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण सारे जाणतो. दहा जण बरे झाले, उपकार मानायला एकच परतला. इतर नऊ कुठे आहेत, असे प्रभूने विचारले, त्याला ते लागले असणार. पण त्याने त्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले नाही. ते घरी गेले ते बरे होऊनच गेले. आपली दया या नऊ जणांपाशी तपासली जाते, असे आम्हांला वाटते. जो परत येणार नाही, आपल्या मंडळीत कधी बसणार नाही, आपल्या अहवालात ज्याचे नाव येणार नाही, त्याच्यासाठीही ती तेवढीच असेल तर ती प्रभूची दया आहे. नसेल तर तो गळाला लावलेला घास आहे. आणि घास लावलेल्या गळाला माशाची भूक कळत असली तरी माशाची कणव नसते.

रमाबाईंनी काय पाहिले

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत या गोष्टीचे उत्तम धडे आहेत. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्यांच्यापर्यंत प्रभू कसा पोहोचला ते जरा नीट पाहावे.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा संस्कृत शास्त्रांत त्यांच्याशी वाद घालू शकेल असे फार थोडे लोक होते. युक्तिवादाने त्यांना जिंकणे सोपे नव्हते. वाँटेज इथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम इथे आपले एक काम पाहायला पाठवले. समाजाने ‘पतित’ म्हणून बाहेर टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा चालत असे. अशा स्त्रियांना माणूस म्हणून जवळ घेतलेले रमाबाईंनी तोवर कुठे पाहिले नव्हते. त्यांनीच विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची भेट सांगितली. तोच योहानाचा चौथा अध्याय! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

क्रम लक्षात घ्यावा. आधी दया दिसली. मग पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उठला. मग शुभवर्तमान सांगितले गेले. बाड्यावर आम्ही तोच अध्याय सांगत होतो. पण फुलहॅमच्या भगिनीला प्रश्न विचारला गेला होता, आणि आम्ही प्रश्नाची वाटही पाहिली नव्हती.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या आमच्या मध्य प्रदेशाच्या मुलखात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो स्त्रियांना आणि मुलींना घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. त्यांना हे करवले, कारण १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण गमावली होती. त्यांची करुणा अशी भुकेतून आली होती.

आगगाडीतला सहप्रवासी

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसला होता. त्या काळात गोऱ्या माणसाकडून हिंदी माणसाला डब्यात काय वागणूक मिळत असे ते आपण ऐकून आहोत. या गृहस्थाने मात्र टिळकांना आदराने जागा करून दिली, आणि बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावर. जे टिळकांना प्रिय, त्यापासून त्याने सुरुवात केली. ख्रिस्ताचा विषय नंतर निघाला. निरोप घेताना त्याने नवा करार हाती दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले.

ते भाकीत टिळकांनी तेव्हा मनावर घेतले नाही. वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून मात्र ते वाचत गेले, पेन्सिलीने खुणा करत गेले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. तिथून त्यांना उठवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना कळले नाही. बंधुभगिनींनो, यावर आपण फार थोडा विचार करतो. मराठी ख्रिस्ती साहित्यातील केवढे मोठे झाड ज्या बीजातून आले, ते पेरणाऱ्याचे नाव कुणाच्या वहीत नाही. त्याने आपल्या नावासाठी काही मागे ठेवले नाही. आपल्या मागे एक सभ्य माणूस भेटल्याची आठवण आणि एक पुस्तक ठेवून तो गेला.

घरी राहिलेले

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहते, आणि आपल्या प्रवचनांत ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांच्यावर आणि दोन्ही घरांवर ती बातमी आकाश कोसळावे तशी कोसळली. लहानग्या दत्तूला घेऊन, नवरा जिवंत असताना नवऱ्यावाचून, लोकांची बोलणी ऐकत त्यांनी काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढली. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या पानांत विनोद किती आहे आणि त्या विनोदाखाली किती रडणे दडले आहे.

पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तेव्हा आपले सोवळे आणि वेगळी चूल सांभाळूनच आल्या. टिळकांनी ती चूल मोडली नाही. एका छपराखाली दोन रीती नांदल्या. मनातल्या शंका त्यांनी आपल्याच बुद्धीने एकेक करून सोडवल्या आणि १९०० मध्ये स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते गेल्यावर ते काव्य पूर्णत्वाला नेले ते याच लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला घाई केली नाही, तिनेच शेवटी हाती घेतलेले काम तडीस नेले!

आमचे म्हणणे एवढेच की, विश्वास सांगताना आपल्यासमोर जो माणूस असतो तो एकटा नसतो. त्याच्यामागे त्याची आई असते, बायको असते, घरातला देव्हारा असतो, दिवाळीचा फराळ असतो. वर्गात येणारा एखादा तरुण उत्साहाने सांगतो की घरच्यांनी बोलणे टाकले, आणि आपण त्याला शाबासकी देतो. त्या आईचे त्या रात्री काय झाले असेल हे आपण विचारत नाही. प्रभूसाठी घर सोडावे लागण्याची वेळ कुणावर येऊ शकते, शुभवर्तमानात तसे सांगितले आहे. पण ती वेळ आपल्या घाईमुळे, आपल्या उद्धट बोलण्यामुळे येऊ नये. त्या आईसाठीही ख्रिस्त वधस्तंभावर गेला आहे.

मग गप्प बसायचे का?

हा प्रश्न आम्हांला आमच्याच माणसांनी विचारला आणि तो रास्त आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील आज्ञा आपल्याला मोडता येत नाही. शिवाय ‘आम्ही फक्त सेवा करतो, बोलत नाही’ असे म्हणण्यात कधी कधी करुणेपेक्षा भीतीच जास्त असते. आमच्या मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा आला. त्यामुळे अनेक जण प्रभूचे नाव घ्यायलाही बिचकतात. कायद्याबद्दल मते वेगवेगळी असतील. पण आमिषाचा प्रश्न आपल्यापुढे कायद्याने आणलेला नाही. अरण्यात सैतानाने धोंड्यांच्या भाकरी करायला सुचवले तेव्हाच तो प्रभूपुढे आला होता, आणि प्रभूने नकार दिला होता. भाकरी खाऊन मागे आलेल्या गर्दीलाही त्याने गोड बोलून धरून ठेवले नाही. पुष्कळ लोक सोडून गेले तेव्हा त्याने आपल्या बारा जणांनाही विचारले की तुम्हांलाही जायचे आहे का. योहानाच्या सहाव्या अध्यायात हे आहे. ज्याला निघून जाण्याची मोकळीक आहे त्याच्याच राहण्याला अर्थ असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात हेच स्पष्ट केले. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिकपणाचा वाससुद्धा येऊ नये, आणि गरीब किंवा अशिक्षित माणसांशी वागताना तर याची विशेष काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आपण पहिला अर्धा भाग पाठ करतो. प्रश्न विचारला जावा असे आपले जगणे असले पाहिजे, हे तर आपण वाचूनही विसरतो.

आदर शिकायला आम्हांला बाड्यावरून दूर जावे लागत नाही. बाड्याला लागूनच गोरखी आहे. तिथल्या देवघरात शिंदे घराणे बीडच्या मन्सूर शाह या सूफी फकिराचे स्मरण पिढ्यानपिढ्या करत आले आहे. महादजी शिंदे त्यांना गुरुस्थानी मानत. आणि इथला जयविलास राजवाडा १८७४ मध्ये उभा राहिला तो शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोझ या ख्रिस्ती माणसाच्या आराखड्यावर. अशा गावात राहून जो शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करून आपल्या प्रभूची महती सांगू पाहतो, त्याला प्रभूही कळला नाही आणि गावही कळले नाही.

पाणपोईवर आम्ही काय बदलले

पत्रके आम्ही गुंडाळून ठेवली. फेकली नाहीत, कुणी मागितले तर देतो. नवीन मुलांना उभे करताना चार गोष्टी सांगतो. पाणी देताना डोळ्यांत पाहा. विचारायचेच तर ‘उन्हात फार लांबून आलात का’ एवढे विचारा, आणि मग ऐका. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर तितक्याच मायेने पाणी द्या. आणि तुम्ही इथे का उभे आहात असे कुणी विचारलेच तर लाजू नका, लपवू नका. दोन वाक्यांत खरे सांगा आणि थांबा.

आठवड्याने आजी पुन्हा आल्या. आम्ही ग्लास दिला आणि म्हणालो, “आजी, ऊन उतरेपर्यंत बसा.” त्या आमच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग बसल्या. बऱ्याच वेळाने आपणहून म्हणाल्या की यजमान जाऊन महिना झाला, त्यांच्या कागदपत्रांची कामे सुरू आहेत, आणि घरी गेले की बोलायला कुणी नाही. मागच्या वेळी त्या आमच्यासमोर बसल्या होत्या तेव्हाही हे दुःख त्यांच्याजवळ होतेच. आम्ही त्यावर जिवंत पाण्याचे प्रवचन ओतत होतो. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ दे. तेव्हा तुला घाई होती.”

तो उन्हाळा संपेपर्यंत त्या अधूनमधून येत राहिल्या. एकदा त्यांनी विचारले, “तुम्ही रोज इथे का उभे राहता?” आम्ही म्हणालो, “आमच्या प्रभूने तहानलेल्याला पाणी द्यायला सांगितलंय. आणि त्याने आमच्यावर फार दया केली आहे.” त्यांनी मान डोलावली. पुढे काही विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

आजी ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या आजही गुरुवारी दत्ताच्या देवळात जातात. नाताळात आमचा गोठा पाहायला येतात, येताना डब्यात शंकरपाळे आणतात आणि बाळ येशूला नमस्कार करून जातात. त्यांच्या मनात काय चालते ते प्रभू जाणतो, आणि ते त्याच्यावरच सोपवणे हे आमच्या विश्वासाचेच काम आहे. आम्हांला एवढे ठाऊक आहे की आता त्या आमच्या हातचे पाणी पूर्ण ग्लास पितात.

हे दयाळू प्रभो, तू विहिरीपाशी दमून बसलास आणि एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितलेस. आमच्या ओठांवर तुझे नाव येण्याआधी आमच्या डोळ्यांत तुझी कणव येऊ दे. आमच्या घाईने जे दुखावले, आमच्या शब्दांनी जे दूर गेले, त्यांना तू सांभाळ. जे परत येणार नाहीत त्यांच्यावरही प्रीती करायला आम्हांला शिकव. आणि आम्ही दिलेल्या पाण्याची किंमत आम्ही कधीही, कुणाकडूनही, मागू नये असे कर. आमेन.